हवा टिकत नाही! एसीच्या उरलेल्या तांब्याच्या नळीचा रॉकेट लाँचर आणि दर हिवाळ्यातली तीच तक्रार

दिवाळी सरून थंडी पडली की जळगावात एसीवाल्याला फारसं काम उरत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मला जेवायला सवड नसते, आणि डिसेंबरात मी दुकानासमोर खुर्ची टाकून ऊन खात बसलेला असतो. शाळांची विज्ञान प्रदर्शनं नेमकी याच दिवसांत येतात. मग एखादं पोरगं काखेत तांब्याच्या नळीचं वेटोळं मारून येतं, मागे त्याचे वडील मोटरसायकल स्टँडला लावत असतात, आणि वाक्य ठरलेलं असतं. "काका, हवा टिकत नाही."

वस्तू साधी आहे. एसी बसवताना हात-दोन हात कॉपर उरतं, किंवा जुना एसी काढला की नळ्या घरातच पडून राहतात. जाड नळी गुंडाळून तिची हवेची टाकी करायची, सायकलच्या पंपाने हवा भरायची, मध्ये पितळी बॉल व्हॉल्व्ह, पुढे हातभर सरळ नळी आणि तिच्यावर टोपीसारखं चढवलेलं कागदाचं रॉकेट. व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला की फट् आवाज होतो आणि रॉकेट आंब्याच्या झाडावरून पलीकडे जातं. दाबाखालची हवा, न्यूटनचा तिसरा नियम, बॉईलचा नियम, सगळं एकाच खेळण्यात दाखवता येतं. म्हणून गुरुजीही खूश असतात.

आमच्या धंद्यात नळी सुतावर मोजतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत ६.३५ मिलिमीटर, तीन सूत ९.५२, चार सूत १२.७, पाच सूत १५.८८, आणि हे माप नळीच्या बाहेरून. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, कारण पुढे एक मोठा घोटाळा तिच्यातूनच होतो.

इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या लाँचरांमध्ये नळी फुटलेली मी एकदाही पाहिली नाही. एसीत याच नळ्या पंचवीस-तीस किलोचा दाब खातात आणि आपण भरतो तो तीन किलोच्या आतला. (आम्ही किलो म्हणतो ते दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. टायरवाल्याचे ४० म्हणजे आमचे २.८.) गळतो तो जोड. आणि तोही बहुतेक वेळा कमी आवळल्याने गळत नाही, वारंवार उघडून पुन्हा जास्त आवळल्याने गळतो. हे पोरांना पटत नाही. गळतंय म्हटलं की पहिला हात पान्याकडे जातो.

पण पान्याला हात लावण्याआधी हवा खरंच गळतेय का ते बघा.

पंपाने भराभर हवा भरली की ती तापते. सायकलचा पंप वीस-पंचवीस वेळा मारून त्याच्या बुडाला हात लावा, चटका बसेल. ती गरम हवा तांब्यात शिरते, तांबं तिची ऊब लगेच ओढून घेतं आणि हवा थंड झाली की दाबाच्या गेजचा काटा उतरतो. ४० पीएसआयवर भरलेला काटा मिनिटाभरात ३७-३८ वर येतो आणि तिथे थांबतो. ही गळती नाही. गळती असती तर काटा थांबला नसता, उतरतच राहिला असता. म्हणून भरून झाल्यावर एक-दोन मिनिटं गप्प बसा, मग काट्यावर पेनाने खूण करा आणि पाच मिनिटांनी पाहा. उलटंही होतं. सकाळी वीस अंशांत ४० भरलेलं वेटोळं उन्हात तापून पंचेचाळीस अंशांवर गेलं तर काटा आपोआप ४५ च्या आसपास चढतो. आमच्याकडे डिसेंबरातलं ऊनसुद्धा तांबं तापवायला पुरेसं आहे. भरलेला लाँचर उन्हात सोडून नाश्त्याला जाऊ नका.

दुसरा हिशेब टाकीचा. पाच सुताची तीन मीटर नळी गुंडाळली तर आतली जागा होते जेमतेम ४८० मिली. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा कमी. एवढ्याशा जागेतून मिनिटाला सव्वातीनशे मिली हवा निसटली की काटा दहाने पडतो. तेवढीच गळती पंक्चरवाल्याच्या शंभर लिटरच्या टाकीला असेल तर त्याला तासभर पत्ता लागणार नाही. म्हणजे तुमची गळती फार मोठी नसते, टाकी फार छोटी असते. माझा भाचा यावलहून फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता, "मामा, रात्री चाळीस भरून ठेवलं होतं, सकाळी शून्य!" अरे, रात्रभर टिकवायचंय कशाला? भरायचं, मोजायचं, उडवायचं. पाच मिनिटांत काटा दोनपेक्षा जास्त उतरला नाही तर तुमचं काम झालं. (आणि रात्रभर भरलेलं ठेवणं हा मूर्खपणाच आहे. घरात लहान पोरं असतात.)

आता गळती खरीच असेल तर.

शाम्पूचं पाणी घ्या. कपडे धुण्याच्या पावडरीपेक्षा शाम्पूचा फेस बारीक येतो आणि टिकतो. जुना टूथब्रश बुडवून एकेका जोडाला फिरवा आणि घाई न करता पाहत बसा. मोठी गळती फसफसते, ती कोणालाही दिसते. त्रास देणारी असते बारीक गळती. तिथे अर्ध्या मिनिटाने मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता तिथे साबुदाण्यासारखा पांढरा पुंजका जमतो. वेटोळं मावत असेल तर सरळ पाण्याच्या टबात बुडवा.

मी सगळ्यात आधी पाहतो ती हवा भरायची पिन. टायरच्या व्हॉल्व्हमधली ती बारकी पिन सैल असते किंवा तिच्या रबरावर तांब्याचा कीस बसलेला असतो. पंक्चरवाला बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडावर लावतो ना, तेच करा. थुंकीचा बुडबुडा फुगला तर पिन बदला, नवी पिन चहापेक्षा महाग नाही. नंतर दाबाच्या गेजचे आटे. नंतर बॉल व्हॉल्व्हच्या दांडीखालचा छोटा नट, याच्याकडे कोणी बघतच नाही. दांडी हलवली की तिथूनच हवा सुस्कारते आणि तो नट पाव फेरा आवळला की बंद होते. आणि मग येतो फ्लेअरचा जोड. दहातली आठ पोरं इथेच अडकलेली असतात, म्हणून इथे जरा बसू.

फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं आणि ते पितळी शंकूवर नटाने दाबून धरायचं. हवा अडते ती तांबं पितळावर चपखल बसल्यामुळे. आटे फक्त दाबून धरायला असतात, हवा अडवायला नाहीत. म्हणून फ्लेअर नटाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळणं म्हणजे दाराला भोक आणि कुलूप खिडकीला. नुसती निरुपयोगी असती तरी चाललं असतं, पण टेपमुळे नट घट्ट झाल्याचा भास होतो आणि शंकूवर फ्लेअर टेकलेलीच नसते. टेप काढा. फ्लेअरच्या मागच्या बाजूला, जिथे नट घासतो तिथे, तेलाचा एक थेंब लावा. त्याने नट फिरताना नळीला पीळ बसत नाही.

भाच्याचा लाँचर मी यावलच्या शेतात पाहिला. कपाशी उपटून झालेली, रान मोकळं, सकाळचे आठ वाजलेले. भाच्याने शाम्पूचं पाणी घेतलं होतं, पण ब्रश सगळीकडे फिरवत होता आणि नटाच्या मागे पाहत नव्हता. तिथून, नट आणि नळीच्या फटीतून, फेस येत होता. मी नट उघडला आणि मोबाईलचा टॉर्च फ्लेअरच्या तोंडावर तिरका धरला. आतल्या गुळगुळीत कडेवर शंकूने खोल गोल खाच पाडली होती आणि त्या खाचेतून बाहेरच्या कडेपर्यंत केसासारखी एक काळी रेघ गेली होती. चीर. विचारलं, "हा नट किती वेळा उघडलास?" तर म्हणे रोज. लाँचर शाळेच्या दप्तरात मावत नाही म्हणून रोज सकाळी जोडायचा आणि संध्याकाळी सोडायचा. गळायला लागला तशी रोज थोडी जास्त ताकद लावायची.

तांबं असं वागतं. मऊ नळी वाकवा, ठोका, दाबा, दर वेळी ती थोडी कडक होत जाते. कडक झालेलं तांबं पसरत नाही, चिरतं. घरच्या तांब्याच्या हंड्यावर ठोक्यांची नक्षी असते ना, ती काढताना तांबटालासुद्धा मधूनमधून भांडं भट्टीत लाल करावं लागतं. लोखंड लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांबं तसं केलं तरी मऊच राहतं. म्हणून जुन्या एसीची काढलेली नळी पुन्हा फ्लेअर करायची असेल तर आधी तिचं टोक मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा, काळी पापुद्र्याची राख बारीक पॉलिश पेपरने काढा आणि मग फ्लेअर करा. एवढ्या एका गोष्टीने अर्ध्या चिरा थांबतात.

बाकी फ्लेअर करताना नळी हॅक्सॉने कापू नका. पाइप कटर फिरवा, कटर थोडा थोडा आवळत जा, घाई केली की तोंड आत वळतं. आतला काठ रीमरने (काठ खरडायच्या पात्याने) साफ करताना नळीचं तोंड खाली धरा, नाहीतर कीस आत पडतो आणि शेवटी त्या पिनेच्या रबरावरच जाऊन बसतो. नट आधी नळीत घाला. (हसू नका. वीस वर्षं काम करून मी अजूनही महिन्यातून एकदा नट विसरतो आणि झालेली फ्लेअर कापून टाकतो.) मग आवळणं. दोन सुताच्या नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर लागतात, तीन सुताला ३५ च्या आसपास, चार सुताला ५५. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) घरी कोणाकडे असतो? तर असा अंदाज धरा: पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला बावीस किलोचा जोर म्हणजे चार सुताचा नट झाला. दोन सुताच्या नटाला त्याच पान्यावर सहा किलो पुरतात. पान्यावर उभं राहायची गरज नाही. आणि दोन पाने वापरा, एक नटाला, एक समोरच्या पितळी तुकड्याला. एकच पाना लावला तर नळी पिळवटते.

भाच्याला मी चिरलेलं टोक कापून नवी फ्लेअर करून दिली आणि नटावर मार्करने एक रेघ ओढली, अर्धी नटावर आणि अर्धी पितळावर. रेघ हलली म्हणजे कोणीतरी हात लावला. रोज सोडायचा जोड वेगळा घेतला, कॉम्प्रेसरच्या पाइपाला असतो तसला झटक्यात निघणारा कपलर. त्यात रबरी रिंग असते, ती हजारदा उघडली तरी चालते आणि झिजली तर दहा रुपयांत बदलता येते. फ्लेअर एकदा बसवली की तिला विसरून जायचं.

आता तो मापाचा घोटाळा. पोरं हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह आणतात आणि माझ्याकडून चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचाच, फ्लेअरचा पितळी तुकडा घेतात. दोन्ही अर्धा इंच, मग बसायला हवेत. बसत नाहीत. नळाच्या सामानातला अर्धा इंच हे नुसतं नाव आहे, त्याचे आटे बाहेरून मोजले तर २१ मिलिमीटर भरतात आणि एका इंचात १४ आटे असतात. फ्लेअरच्या चार सुताच्या तुकड्याचे आटे बाहेरून १९ मिलिमीटर आणि इंचात १६. नुसतं बसलं नसतं तर बरं होतं. खरा धोका असा की टेपचे दहा-बारा वेढे दिले की तो तुकडा व्हॉल्व्हमध्ये शिरतो, दोन आटे धरल्यासारखं करतो आणि अडकतो. हाताला घट्ट लागतो. शाम्पूच्या पाण्यातही कधीकधी पास होतो.

हे मला कळलं ते माझ्याच दुकानात. घाईत मी स्वतः तसा तुकडा टेप मारून बसवला होता. हवा भरली, काटा ४० वर गेला आणि खाली वाकून पाहणार तेवढ्यात तुकडा निसटला आणि मागच्या पत्र्याला लागला. पत्र्याला पोचा आला, तो मी अजून ठोकून काढलेला नाही. नंतर हिशेब केला: १९ मिलिमीटरच्या तोंडावर ४० पीएसआय म्हणजे आठ किलोचा धक्का, आणि पुढे पितळाचा टोकदार गोळा. चेहरा वीतभर अंतरावर होता. तेव्हापासून एकच नियम. आटे हाताने, टेपशिवाय, किमान चार-पाच फेरे मोकळे फिरले पाहिजेत. नाही फिरले तर माप वेगळं आहे. बाजारात एका बाजूला नळाचे आटे आणि दुसऱ्या बाजूला फ्लेअर असलेले पितळी जोड मिळतात. ते मागा.

याच जागी दोन गोष्टी सांगून टाकतो. एक, हा लाँचर पीव्हीसीच्या पाइपाचा करू नका. आपल्या खानदेशात शेताच्या बांधाबांधावर पीव्हीसी पडलेला असतो, फुकट मिळतो आणि त्यावर "६ किलो" छापलेलं असतं, म्हणून मोह होतो. ते सहा किलो पाण्याचे आहेत. पाणी दाबलं जात नाही, पाइप फुटला तर पाणी सांडतं. हवा स्प्रिंगसारखी दाबलेली असते आणि पीव्हीसी फुटताना त्याच्या सुऱ्यांसारख्या कपच्या उडतात. उन्हात वाळलेला पाइप तर अगदी काचेसारखा वागतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच दाबाच्या हवेसाठी पीव्हीसी वापरू नका असा इशारा दिला होता. तांबं मऊ आहे, फाटलं तर दुमडतं, कपच्या होत नाहीत. दुसरी गोष्ट, आत फक्त हवा. स्प्रे नाही, लायटरचा गॅस नाही, कार्बाइड तर मुळीच नाही. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात कार्बाइडच्या पाइपबंदुकांनी कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, ते सगळ्यांनी पाहिलं. आणि पुढे फक्त कागद. "काका, बोर टाकून बघू का?" असं विचारणाऱ्याला मी लाँचर परत देत नाही.

पहिल्यांदा हवा भरण्याआधी वेटोळं काठोकाठ पाण्याने भरून मग पंप मारा आणि ६० पीएसआयपर्यंत न्या. जोड कच्चा असेल तर पाण्याचा थेंब दिसेल, धडाका होणार नाही. नंतर पाणी पूर्ण उडवून टाका आणि नळी उन्हात वाळवा. रोजच्या वापराला ४० च्या वर जाऊ नका. साडेतीन किलोला उघडणारा छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह लावला तर पोरांच्या उत्साहालाही लगाम बसतो. एकाने कुकरची शिट्टी लावू का विचारलं. कल्पना हुशार आहे, पण शिट्टी एक किलोलाच उठते.

डागाबद्दल, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडाबद्दल, थोडक्यात. रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरने आणि छोट्या सोल्डरिंग आयर्नने तांब्याची नळी जुळत नाही. नळी सगळी उष्णता ओढून नेते, कथील वर गोळा होऊन बसतं आणि खाली चिकटतच नाही. बाहेरून चकचकीत दिसतं आणि नख लावलं की टवका निघतो. त्यावर एपॉक्सीच्या गोळ्या मळून थापल्या की आठवडा निघतो, मग गळती पुन्हा त्याच जागी. सरळ एखाद्या एसीवाल्याकडून गॅसवर रॉड मारून घ्या. तांब्याला तांबं जोडताना फॉस्फरसच्या रॉडला पावडर लागत नाही, पण पितळ आलं की लागते, नाहीतर रॉड पितळावर धावत नाही. ही पावडर म्हणजे सराफ बाजारात सवागी (टाकणखार) म्हणतात तीच जात. लोखंडाच्या तुकड्याला मात्र हा रॉड मारू नका, तो जोड ठिसूळ होतो. आणि तापवण्याआधी बॉल व्हॉल्व्ह, पिन, गेज सगळं काढून ठेवा. आतलं रबर आणि टेफ्लॉन एका मिनिटात जळतं आणि मग "डाग मारल्यापासून गळतंय" अशी तक्रार घेऊन पोरगं परत येतं.

कधीकधी सगळे जोड कोरडे निघतात आणि टबात टाकल्यावर नळीच्या मधल्याच भागातून बुडबुडे येतात. जुन्या एसीच्या नळीला असं होतं. तांबं आतून-बाहेरून वारुळासारखं पोखरलं जातं, भोक डोळ्यांना दिसत नाही. तिथे डाग मारत बसू नका. आज एक बुजवाल, उद्या शेजारचं उघडेल. तो तुकडा भंगारात द्या. चार सुताची नळी मीटरला पाव किलोच्या वर भरते, बदल्यात नवी नळी घ्यायला हातभार लागतो.

दुसऱ्या जातीची तक्रार: काटा हलत नाही, गळती नाही, तरी रॉकेट मेल्यासारखं वर जातं आणि पायाशी पडतं. इथे दाब नाही, वाट कमी पडते. टाकी पाच सुताची, पुढची नळी चार सुताची, आणि मध्ये जोडायला हाताशी होती म्हणून दोन सुताची नळी लावलेली असते. दोन सुताच्या नळीचं आतलं भोक पावणेपाच मिलिमीटरचं, चार सुताचं अकरा. क्षेत्रफळ साडेपाच पट कमी! रॉकेट नळीवरून निघून जायला लागतो पापणी लवण्याएवढा वेळ आणि तेवढ्यात हवा त्या चिमटीतून येतच नाही. टाकीपासून रॉकेटपर्यंत एकही जागा चार सुतापेक्षा बारीक नको. बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्यातून उजेडाकडे पाहा. स्वस्तातल्या अर्ध्या इंचाच्या व्हॉल्व्हचं आतलं भोक बरंच लहान असतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधला बिजलीचा छोटा व्हॉल्व्ह काहीजण लावतात, त्याचं भोक तर सुई जाईल एवढंच. ठिबक सिंचनाच्या ऑटोमेशनला वापरतात तो एक इंची, विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह मोठा असतो आणि झटक्यात उघडतो, पण शाळेच्या प्रदर्शनाला हाताचा बॉल व्हॉल्व्ह पुरे. फक्त हात हळू फिरवू नका.

रॉकेटही तपासा. कागद थेट नळीवर गुंडाळला तर तो चिकटून बसतो. आधी नळीवर एक कागद सैल गुंडाळा, त्याच्यावर रॉकेट वळा, चिकटवा आणि आतला कागद ओढून घ्या. बोटाने टिचकी मारली की रॉकेट नळीवर घसरलं पाहिजे, पण फुंकर मारली तर बाजूने हवा जाता कामा नये. नाक टेपने घट्ट बांधा. नाकच उडून गेलं तर खालचा भोंगा तिथेच राहतो. आणि नळी सरळ हवी. वेटोळ्यातून कापलेली नळी कितीही हाताने ओढली तरी तिच्यात पोक राहतं. ती सपाट ओट्यावर ठेवून वरून फळी दाबा आणि पोळी लाटतो तशी मागेपुढे लाटा, दोन मिनिटांत दोरीसारखी सरळ होते. कागद दोन-तीन उड्डाणांतच मऊ पडत असेल तर आत पाणी किंवा एसीचं जुनं तेल आहे. नळी पेट्रोलने धुऊ नका. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवा आणि वाळवा.

एवढं सगळं करून भाच्याचा लाँचर त्या वर्षी चालला. पुढच्या डिसेंबरात पुन्हा फोन. काटा ४० वर ठाम, रेघ जागेवर, व्हॉल्व्ह फिरवला तर नुसतं "फुस्स". मी म्हटलं, पुढच्या नळीतून उजेड दिसतो का बघ. नाही दिसत. लाँचर सहा महिने गोठ्यात खुंटीला टांगलेला होता आणि कुंभारीण माशीने नळीत चिखलाचं घर बांधलं होतं. सायकलच्या स्पोकने मातीच्या गोळ्या काढल्या, आत वाळलेले चार कोळी निघाले. आता हंगाम संपला की तो नळीच्या तोंडावर ठिबकच्या नळीचं काळं बूच बसवून ठेवतो.